सात पीएचचं बफर

माझे जिवाणू गंधक खायचे आणि लिंबाच्या रसाइतक्या आंबट पाण्यात सुखानं नांदायचे. त्यांच्यातलं गंधक पचवणारं एक एन्झाइम शुद्ध करून काढायचं, हा माझा पीएच.डी.चा विषय. एन्झाइम जिवंत आहे का, हे ओळखायची खूण सोपी. एका पिवळ्या द्रावणात ते टाकायचं, रंग उतरला तर जिवंत. माझा उतरतच नव्हता. पेशी फोडल्या की जराशी धुगधुगी, पण इतर प्रथिनांपासून वेगळं करेपर्यंत कारभार आटोपलेला.

आमच्या प्रयोगशाळेत एन्झाइमचे लाड बाळंतिणीसारखे. बर्फात ठेवायचं, हळू हात लावायचा, आणि सगळं काम कोपऱ्यातल्या मोठ्या कॅनमधल्या बफरमध्येच, म्हणजे पीएच ढळू न देणाऱ्या द्रावणातच करायचं. ना आम्ल ना अल्कली, बरोब्बर सात पीएच. हा नियम आमच्या गाईड मॅडमनी घालून दिलेला, त्यामुळे का म्हणून विचारायची सोय नव्हती.

मॅडम शिवाजी पेठेतल्या, बोलणं रोखठोक. "पेशींची ही शेवटची बाटली. न्हाय जमलं तर विषय बदल," त्या म्हणाल्या. "तुझ्या वयात माझं पण असंच एक हुतं, आंबट पाण्यातल्याच जिवाणूचं. मेलं म्हणून सोडून दिलं मी. तू हट्ट करू नको." मी मान डोलावली आणि हॉस्टेलवर जाऊन ढसाढसा रडले.

शेवटच्या बाटलीच्या दिवशी कॅन कोरडा! बफर करायची पाळी ज्याची, तो आमचा सहकारी जत्रेचं मटण खायला मलकापूरला गेलेला, रसायनांच्या कपाटाची किल्ली खिशात घालून. फोन केला तर म्हणतो, "येतो की परवा, एवढं काय!" मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फ्रीजरमधून काढलेल्या पेशी वितळल्या होत्या, थांबता येत नव्हतं. हाताशी होतं ते फक्त पेशी धुवायचं आंबट पाणी. म्हटलं, जाऊ दे खड्ड्यात, नाहीतरी मरायचंच आहे. त्यातच पेशी फोडल्या, पुढचंही सगळं त्यातच केलं.

थेंब टाकला आणि पिवळा रंग उतरला. दुसऱ्या नळीत टाकला, तिथंही उतरला. आंबटात जगणाऱ्या त्या जिवाला आम्हीच सातच्या बफरमध्ये घालून मारत होतो. मी ओरडतच मॅडमना बोलावलं.

त्यांनी नळी उजेडात धरली, माझी पाठ थोपटली. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या कॅनवर गेली आणि त्या स्टुलावर बसल्या.

"म्हंजे माझं पण जिवंतच हुतं की गं," त्या म्हणाल्या.