गोळी सोडून बाकी सगळं

अक्रोडाचं लाकूड रानडुकराच्या कवटीवर आपटलं की नारळ फुटल्यासारखा खणखणीत आवाज येत नाही. ओल्या पोत्यावर धोंडा टाकावा तसा बसका, बुळबुळीत आवाज येतो. हे मला ठाऊक आहे, कारण तो आवाज मी स्वतः काढला आहे, लागोपाठ तीनदा, आणि तोही माझ्या मालकीच्या सर्वांत सुंदर वस्तूने.

ती वस्तू म्हणजे माझी रायफल. लहानपणी नागपूरला आमच्या शेजारी एक निवृत्त वनाधिकारी राहायचे. त्या काकांच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक जुनी रायफल टांगलेली असे. इतर पोरं नळीकडे बघायची, मी बघायचो लाकडी दस्त्याकडे. मधाच्या रंगाचा, आतून काळ्या रेघा धावलेला, जिथे हात धरायचा तिथे बारीक खवल्यांची नक्षी. काका हात लावू द्यायचे नाहीत, म्हणून तर ती स्वप्नात यायला लागली. पुढे टेक्सासमधल्या शुगर लँडला पाइपलाइनींची डिझाइनं करता करता केस पांढरे झाले, नागरिकत्व मिळालं, मुलगी कॉलेजला गेली, आणि मग मी तशीच एक घेतली. जुन्या घडणीची बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर लोखंडी बोल्ट हाताने मागेपुढे ओढून नवं काडतूस भरायची, अक्रोडाचा दस्ता, चामड्याचा रुंद पट्टा.

"हिने मारणार काय?" बायकोने विचारलं.

"मारायचं नंतर बघू. आधी दस्ता बघ."

तिने दस्ता बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि भाजी परतायला गेली.

शिकारीतला माझा गुरू म्हणजे आमच्याच गावातला एक मराठी डॉक्टर. मूळचा पुण्याचा, भूल देण्याचा तज्ज्ञ. त्याची रायफल काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची. पावसात भिजवा, चिखलात टाका, ट्रकच्या मागे फेका, तिला काही होत नाही असं तो म्हणायचा. मी म्हणायचो, तिला काही होत नाही कारण तिच्यात काही नाहीच. आमची मैत्री या भांडणावर उभी होती.

अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचं तेल चोळतात हे मी वाचलं होतं. जाणकार लोक त्यासाठी वेगळं, चटकन सुकणारं तेल आणतात हे मात्र वाचायचं राहिलं. मी थेट इंडियन ग्रोसरी गाठली आणि खायच्या जवस तेलाची बाटली आणली. ते तेल सुकेना. दस्ता दिवसेंदिवस चिकटच राहिला. डॉक्टरने नाक जवळ नेलं आणि गंभीर चेहरा केला.

"चटणीचा वास येतोय यार. डुकरं पळणार नाहीत हां, भाकरी घेऊन येतील."

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी चौरंगावर विळी, स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप आणि गाडीची किल्ली ठेवून पूजा करायची पद्धत. त्या वर्षी घरात खरंखुरं शस्त्र होतं, मग काय! मी ती झेंडूच्या पाकळ्यांवर आडवी ठेवली. सुरक्षेचा नियम म्हणून बोल्ट उघडा ठेवला, आत काडतूस नाही हे पाहुण्यांना दिसावं. हा नियम शंभर टक्के बरोबर आहे. फक्त तो लिहिणाऱ्यांच्या घरी कुणी उघड्या बोल्टवर ओल्या कुंकवातल्या अक्षता उधळत नसावं. मी उधळल्या, मूठ भरून. नंतर दस्ता तीनदा पुसला. आतमध्ये बघितलंसुद्धा नाही. आत कुठे लाकूड असतं?

पुढच्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरच्या ओळखीच्या एका रँचवर गेलो. रानडुकरांनी तिथलं मक्याचं शेत नांगरल्यासारखं उलटंपालटं केलं होतं आणि मालकाने, जितकी माराल तितकी मारा, असं सांगून ठेवलं होतं. सकाळ, दमट हवा, तळ्याकाठी झुडपामागे आम्ही दोघं. कळप पाण्यावर आला. पिल्लं, माद्या, आणि सगळ्यांत मागे एक नर. पाठीवर चिखलाचं कवच, ओठांतून वर वळलेले पिवळे सुळे.

"तुझा," डॉक्टर पुटपुटला. "खांद्यामागे. घाई करू नको."

मी गाल दस्त्यावर टेकवला. गाल चिकटला. तो सोडवायला मी मान हलवली आणि नेमका त्याच क्षणी चाप ओढला गेला. गोळी खांद्यामागे लागायची ती पोटात लागली. डुकराने अशी किंकाळी फोडली की तळ्यावरचे बगळे उडाले. ते गोल फिरलं, पोटातून काहीतरी निळसर लोंबलं, ते स्वतःच्याच खुरांनी तुडवत ते झाडीत घुसलं.

शहाणा माणूस अशा वेळी लगेच बोल्ट ओढून दुसरं काडतूस भरतो. मी मात्र माझ्या रायफलकडे बघत होतो. पहिली गोळी! किती छान धक्का दिला तिने खांद्याला!

"पोटात लागलीय," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तसंच सोडलं तर दोन दिवस मरत राहील. संपवावं लागेल."

थोडं थांबून आम्ही माग काढत निघालो. तो पुढे, मी मागे. गवतावर रक्त होतं, रक्तात अर्धवट पचलेल्या मक्याचे दाणे होते, आणि वास असा की मी शर्टाची कॉलर नाकावर ओढली. झाडी दाट झाली. डॉक्टरने हात वर करून मला थांबवलं. डुक्कर समोर नव्हतं. ते बाजूला दबा धरून बसलं होतं.

ते आलं तेव्हा आवाज झाला तो फक्त फांद्या मोडल्याचा. डॉक्टरची एक गोळी आभाळात गेली, रायफल हातातून उडाली आणि तो पाठीवर पडला. डुकराने मान खाली घालून झटका दिला, एकच. गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला पँट फाटली आणि आतलं मांस उघडं पडलं. ते पुन्हा झटका द्यायला वळलं.

मी बोल्ट ओढला. रिकामं काडतूस बाहेर पडलं, नवं वर आलं, आणि बोल्ट अर्ध्यात अडला. मी ढकलला. मी शिव्या दिल्या. मी तळहाताने ठोकला. अडलेल्या जागी काहीतरी लाल, बारीक, टोकदार दिसलं. चिरडलेली अक्षता, पहिल्या गोळीच्या धक्क्याने आतून सरकून आलेली.

मग मी जे केलं त्याला शिकार म्हणत नाहीत. रायफल नळीकडून दोन्ही हातांनी धरली आणि धुणं बडवतात तशी हाणली. पहिला फटका नाकाडावर बसला. दुसरा डोळ्याच्या वर, तिथे हाड आत गेलेलं मला हातात जाणवलं. तिसऱ्या फटक्याला दस्ता मुठीजवळ मोडला आणि ती नक्षी, त्या काळ्या रेघा, सगळं दूर गवतात जाऊन पडलं. आता डुकराने मला निवडलं. मी मागे सरकताना आपटलो तो थेट डॉक्टरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या रायफलवर. चिखलाने माखलेली होती. उचलली, बोल्ट ओढला, ते तोंड माझ्या बुटापर्यंत आलं तेव्हा त्या तोंडातच गोळी घातली. प्लॅस्टिकची बया पहिल्या झटक्यात उडाली. धक्क्याने तिची दुर्बीण माझ्या भुवईत घुसली आणि मला एका डोळ्याने काही दिसेना. दुसऱ्या डोळ्याने दिसत होतं ते पुरेसं होतं. डुक्कर अजून पाय झाडत होतं. मी त्याच्या कानामागे आणखी एक घातली.

"इकडे ये," डॉक्टर शांतपणे म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांमधून रक्त उसळत होतं, ठोक्याठोक्याने. "ही मोठी धमनी आहे. थांबलं नाही तर मी इथेच संपतो. पट्टा काढ."

मी कमरेला हात घातला.

"तुझ्या पँटचा नाही, गाढवा! रायफलचा!"

चामड्याचा पट्टा मोडक्या रायफलवरून सोडवला, मांडीला वर बांधला. आत काहीतरी घालून पीळ द्यायला हवा होता. हाताशी अक्रोडाची एक लांब चीप सापडली, दस्त्यातून निघालेली. पीळ देताना तो ओरडला, आणखी दे म्हणाला, मी दिला, तो पुन्हा ओरडला. जन्मभर दुसऱ्यांना भूल देणाऱ्या माणसाला भूल द्यायला त्या रानात कुणी नव्हतं. रक्त आधी संथ झालं, मग पाझरण्यापुरतं राहिलं.

मी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन केला, रँचच्या मालकालाही केला. मग म्हणालो, "अरे, बोल्टमध्ये अक्षता अडकली होती."

तो पांढराफटक पडला होता. तरी त्याने मान वळवली.

"काय?"

"खंडेनवमीची."

त्याला हसू आलं, हसताना पाय हलला, पाय हलला म्हणून तो किंचाळला. "माझ्यावर एकदाच पडल्या होत्या अक्षता, लग्नात," तो धापा टाकत म्हणाला. "तेव्हापासून... जपून राहतो रे मी. चीप सोडू नको. घट्ट धर."

मी धरून बसलो. जवसाच्या तेलाने ती चीप माझ्या हाताला चिकटली होती, आणि तेल सुकलं नाही याबद्दल पहिल्यांदाच मला बरं वाटलं. मालकाची पिकअप आली, मग अ‍ॅम्ब्युलन्स. हॉस्पिटलात वहिनी, म्हणजे डॉक्टरची बायको, माझी टाके घातलेली भुवई बघून फक्त एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या वर्षी नुसते पेढे ठेवा."

पाय वाचला. गुडघा पूर्ण वाकत नाही. रायफलला नवा दस्ता बसवायला मी दुकानात गेलो, तर दुकानदाराने काळं प्लॅस्टिक पुढे केलं. मी परत आलो. मोडका दस्ता धुतला, पण जिथून तुटला तिथल्या रेषांत रक्त मुरलं आहे. कुणाचं ते सांगता येत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला डॉक्टर काठी टेकत आला. चौरंगावर विळी होती, लॅपटॉप होता, आणि मध्ये रायफलच्या ऐवजी तो चामड्याचा पट्टा, काळा पडलेला. शेजारी ती चीप. बायकोने हळदकुंकू वाहिलं आणि सवयीने अक्षतांच्या वाटीत हात घातला.

"नको!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

तिने वाटी बाजूला ठेवली. डॉक्टरला खाली बसता येईना. त्याने माझ्या खांद्यावर एक हात टेकला, उभ्यानेच दुसरा हात छातीशी नेऊन पट्ट्याला नमस्कार केला.

"त्या झाडीत तुझ्या रायफलने," तो म्हणाला, "गोळी सोडून बाकी सगळं केलं यार."

मग त्याने मला चौरंगावरची ती चीप उचलून द्यायला लावली आणि नाकाजवळ नेली.

"अजून चटणीचा वास येतोय."