वालाचा पंप आणि रोह्याची गाडी

वालावर फवारायचा माझा बॅटरीचा पंप आमच्या ह्यांनी उघडला, आतली मोटर काढली आणि एका गाडीत नेऊन बसवली. मला कळलं ते शेतात जायच्या वेळी. पाठीवर घ्यायला पंप उचलला तर नुसता रिकामा डबा हातात! मग माझं तोंड सुटलं. आमच्या गॅरेजशेजारी गणपतीचा कारखाना आहे, तिथली माणसं ब्रश खाली ठेवून बघायला लागली. सगळ्या आळीला ऐकू गेलं, ज्यांना जायला हवं होतं त्यांनाच तेवढं गेलं नाही.

म्हणजे खरंच ऐकू येत नाही हो, थट्टा नाही करत. तरुणपणी हे रोह्याला कंपनीत होते. कॉम्प्रेसरच्या खोलीत शिफ्टमागून शिफ्ट काढल्या. नंतर सुटून पेणला गॅरेज टाकलं, पण त्या खोलीनं कान खाल्ले ते खाल्लेच. डॉक्टरनं तपासून सांगितलं, जाड आवाज येतील, बारीक गेले ते गेले, कानाला मशीन लावा. हे कसले लावतायत! ह्यांचं नाव होतं तेच मुळी कानावर. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत कॉम्प्युटर नाही की काही नाही, त्या हे नुसत्या ऐकून लावायचे. पार पनवेलहून माणसं यायची. कानाला मशीन लावलेल्या मेकॅनिककडे कोण येईल, असं ह्यांचं म्हणणं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ती झाकून ठेवायचं काम माझं. गिऱ्हाईक आलं की मी चहा घेऊन उगाच गाडीपाशी घुटमळायची आणि इंजिनात काही वाजलं की पदर सारखा करायची. हे तिरक्या नजरेनं बघायचे आणि समजायचे.

त्यात ही गाडी आली. रोह्याचे एक रिटायर साहेब, त्यांची जुनी गाडी, तिला हौसेनं टर्बो बसवलेला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी भिंगरी. हवा कोंबली की ताकद वाढते, पण आत उष्णताही तेवढीच वाढते. मग चढावर पाय दाबला की आतलं पेट्रोल ठिणगीची वाटच बघत नाही, आपलं आपणच भडकतं. तेव्हा पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा बारीक आवाज येतो. तो आला की लगेच पाय काढायचा, नाहीतर पिस्टनला भोक पडतं. म्हणजे सगळा खेळ त्या बारीक आवाजाचा, आणि ह्यांचा नेमका तोच गेलेला.

पंपावरून तोंड सुटलं त्याच दिवशी मी म्हटलं, "ठेवू नका ही गाडी. नाय म्हणून सांगा."

"गो, ऐक तरी," हे म्हणाले. "कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पायपात पाणी आणि मेथेनॉल मारायचं, निम्मं निम्मं, धुक्यासारखं. हवा थंड, इंजिन थंड. मग वाजणारच नाय. आणि वाजणारच नाय तर ऐकायचं कशाला?"

पंपाचा राग माझ्या मनातून तिथंच गेला. एवढी खटपट कशासाठी चाललीय ते तेव्हा कळलं मला, आणि रडूच आलं. गाडी गेली, नाव गेलं, तर हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून करणार काय? मेथेनॉलचा कॅन मात्र मी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. दिसायला पाण्यासारखं, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवसुद्धा जातो. "तुमची हौस गॅरेजात ठेवा," म्हटलं.

हौस म्हटलं खरी, पण काम झक्कास झालं. डिकीत टाकी, तिला माझ्या पंपाची मोटर, पुढं पायपात केसाएवढ्या भोकाचा नोझल. टर्बोचा दाब चढला की मोटर आपोआप सुरू. पाणी बॅटरीत घालतात ते, शुद्ध. हायवेला नेऊन पाहिली, मी शेजारी कान देऊन बसले होते. गाडी सुसाट, आणि डब्यातला एक चणा वाजला नाही. ह्यांचं तोंड त्या दिवशी लग्नातल्यासारखं दिसत होतं.

ठरल्या दिवशी साहेब गाडी न्यायला आले. रोह्यापर्यंत चालवून दाखवतो, म्हणून हे स्टेअरिंगला बसले, साहेब शेजारी आणि मी मागं. वडखळ ओलांडून आत वळलो, कारण माझी नणंद तिकडे खाडीकाठी खारेपाटात राहते, आणि भावाची गाडी गावावरून गेली न् थांबली नाही हे वन्संनी जन्मात चालवून घेतलं नसतं. तिथं डिकी उघडली तर आत सगळं ओलं. खड्ड्यांत टाकीची नळी निसटली होती. टाकी जवळजवळ रिकामी. ह्यांनी डिकीला वारा लागू दिला, नळी घट्ट केली. मेथेनॉलचा कॅन बरोबर होता, पण बॅटरीचं पाणी पेणला राहिलेलं.

"मी मागं जाऊन आणतो," हे म्हणाले.

"पाण्यासाठी माघारी जातोस?" वन्सं कडाडल्या. "बहिणीच्या घरात पाणी नाय काय? वयनी, सांग गो याला. टँकरचं हाय, गोडं पाणी!"

आता खारेपाटात, जिथं विहिरीही खाऱ्या, गोडं पाणी देतात म्हणजे काय देतात, ते तिथं जन्मलेल्यालाच ठाऊक. तूप मागा, देतील, पण गोड्या पाण्याची कळशी कुणी सहज पुढं करत नाही. तिला नको म्हणणं म्हणजे वन्संच्या तोंडावर मारल्यासारखं. तरी ह्यांनी घोटभर चाखून बघितलं. मी चाखलं. हे तिथलेच, माझं माहेरही तिकडचंच. गोड होतं. साहेबांनाही तांब्या दिला, ते प्यायले आणि काही बोलले नाहीत. टाकी भरली.

नागोठणं मागं पडलं, रोह्याच्या अलीकडची खिंड लागली. साहेबांना ताकद दाखवायला ह्यांनी पाय दाबला. गाडीनं उसळी घेतली, आणि मला ऐकू आलं. चणे. आधी चार-दोन, मग मूठभर.

"हा कसला आवाज?" साहेबांनी विचारलं.

हे त्यांच्याकडे बघून हसले. "व्हय! लय ताकद हाय!"

मी मागं बसलेली, पदर सारखा करून कुणाला दाखवू? पायाखाली इंजिन मरत होतं आणि हा माणूस हसत होता. ओरडावं तर साहेबांसमोर सगळं उघडं पडणार. पण मी विचार करायच्या आधीच ओरडले होते. दोन्ही हातांनी ह्यांचे खांदे धरले आणि ओरडले, "अवो वाजतंय! वाजतंय! पाय काढा!"

ह्यांनी पाय काढला. गाडी बाजूला लागली. नोझल खोलला तर भोकावर पांढरा थर, मागची जाळीही पांढरी. मेथेनॉल पडल्यावर पाण्यातलं मीठ सुटून वर आलेलं. आमच्या जिभेला जे गोड, ते खारटच होतं की! तसलंच पिऊन मोठे झालो, कळणार कसं? आता वन्संना काय बोलायचं, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मला तेव्हाच खारट लागलं होतं," साहेब हळूच म्हणाले. "पण बाईंनी इतक्या मायेनं दिलं, तोंड वाकडं कसं करणार?"

मग ते ह्यांच्याकडे वळले. "पण तुम्हाला आवाज आला कसा नाही?"

मी थाप मारायला तोंड उघडलंच होतं. इंजिनाचा आवाज, वारा, टायर, कायतरी सांगितलं असतं. ह्यांनी साहेबांच्या ओठांवरून प्रश्न वाचला असावा. हात पुसत म्हणाले, "मला नाय येत ऐकू, साहेब. बारीक आवाज येतच नाय. हिला येतो. इतके दिवस हीच ऐकते."

मला वाटलं खिंड अंगावर कोसळली. साहेबांनी किल्ली मागितली आणि स्वतः बसले. रोह्यापर्यंत हळूहळू नेली. पोचल्यावर त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, निघताना मला म्हणाले, "पिस्टन वाचला तो तुमच्यामुळं." आणि ह्यांना, मोठ्यानं, "गाडी परत तुमच्याकडे आणीन की नाही, खरं सांगतो, अजून ठरलं नाही." हे मानेनंच बरं म्हणाले. मला त्या साहेबांचा रागही आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

एसटीनं परत निघालो. मी खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "घरी जाऊन नुसता भात टाकते. दुसरं काय करायचं त्राण नाय."

"काय?" हे म्हणाले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण डॉक्टरकडून आल्यापासून ह्यांनी हा शब्द टाकला होता. कुणाला नाही, मलाही कधी 'काय' विचारलं नाही. मान डोलवायची, हसायचं, व्हय म्हणायचं. मी गॅस संपला म्हटलं तरी व्हय, मी मेले म्हटलं असतं तरी व्हय. दोघांच्या घरात मी एकटी बोलत होते, एवढे दिवस. ह्यांच्या कानापाशी तोंड नेलं आणि ओरडले, "भात टाकते म्हटलं! नुसता भात!"

अख्खी एसटी वळून बघायला लागली. कंडक्टरसुद्धा.

"नुसता कशाला?" हे तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. "सुकट हाय ना घरात?"