प्लेऑफ आणि कुकरची शिट्टी

माझे सासरे, राजारामअण्णा, नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत पार्सिपनीला आले ते नाइलाजानेच. "यंदा आलो, पुन्हा बोलवू नका," असं त्यांनी विमानतळावरच बजावलं होतं. मग एकदा कंटाळून त्यांनी टीव्हीवर बेसबॉल लावला आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरं काही लागलंच नाही.

परवा रविवारी सीझनची शेवटची मॅच होती. जिंकलो तर प्लेऑफ, हरलो तर सगळं संपलं. मला काळजी अण्णांच्या बीपीची आणि नेत्राच्या सोमवारच्या टेस्टची. पण माझी ही लेक जिन्यावर बसली असताना आमच्या टीमचा होमरन बसला, म्हणून अण्णा तिला उठूच देईनात.

"आजोबा, आय हॅव टू स्टडी!"

"मग पुस्तक तिथेच मागव. जागा सोडायची नाही!"

मला सोफ्याचा कोपरा नेमून दिलेला. शेवटच्या इनिंगमध्ये बरोबरीला एक रन हवा होता, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. वरण करपेल म्हणून मी उठले. गॅस बंद करते तोच समोरच्यांनी कॅच घेतला, आमचा शेवटचा गडी बाद झाला आणि आम्ही हरलो.

अण्णांनी टीव्ही बंद केला. बीपी मोजायला स्वतःहून हात पुढे केला. मग जेवताना, ताटावरून मान न उचलता म्हणाले, "यामिनी, पुढच्या वर्षी माझं तिकीट मार्चमध्येच काढ. सीझन पहिल्यापासून बघायचाय. आणि मॅचच्या दिवशी कुकर आधी लावत जा, बेटा."