मोंबासाच्या बोटीसाठी लातूरचा सिलिंडर

लातूरहून नांदेडला जायचे असेल तर मोटारीने जावे. आम्ही सिलिंडरबरोबर गेलो.

माझ्या धाकट्या बहिणीचे, यमुनाचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लातूरच्या प्रेसमध्ये फिटर. कापसाच्या गठाणी आवळणारे तिथले जुने यंत्र मोंबासाच्या एका व्यापाऱ्याने घेतले आणि अट घातली, की ते उभे करणारा माणूसही त्याच बोटीने आला पाहिजे. बोट चुकली तर तो तिकडचाच कोणी ठेवील. तेव्हापासून दाजींचे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि यमुनाच्या आमटीत मीठ पडत नव्हते. ती नांदेडपर्यंत पोचवायला निघाली. वार्ताहराला काम नसते असा घरात समज असल्याने मलाही सोबत धाडले.

यंत्राचे सुटे भाग आधीच गेले होते. राहिला होता सिलिंडर. दोन म्हशी शेजारी बसाव्यात एवढा ओतीव लोखंडी नळ. लातूरची आगगाडी अरुंद रुळांची. स्टेशनमास्तरांनी नळाला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "ह्याला नांदेडलाच न्या, साहेब." म्हणून चारचाकी गाडा आणि त्याला आठ बैलजोड्या. संस्कृत कोशात लोखंडाला नावे पुष्कळ आहेत. बैलांना त्यातले एकही पसंत नव्हते.

निघण्यापूर्वी दाजींनी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून सिलिंडरच्या पोटावर एक उभी रेघ मारली. गंज धरू नये म्हणून प्रेसमध्ये लोखंडाला हाच रंग लावतात. रेघ म्हणजे तोलाची जागा. उचलताना साखळी तिथेच अडकवायची.

रस्ता अहमदपुरापर्यंत बरा आहे, फक्त चढावर चाकामागे दगड लावायला माणसे हवीत. अहमदपुराबाहेर लिंबाखाली मुक्काम केला. बाजारातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी अवश्य खावी, पाणी जवळ ठेवून. सकाळी मी आणि दाजी बैलांसाठी कडबा बघायला गावात गेलो. वार शनिवार होता, हे आमच्या ध्यानात नव्हते.

परतलो तेव्हा गाड्याभोवती बाया जमलेल्या. काळा, गोल, वर शेंदराचा पट्टा. आणखी काय पुरावा हवा? त्यांनी तेल ओतले होते, नारळ फोडले होते आणि सिलिंडर या टोकापासून त्या टोकापर्यंत शेंदराने माखला होता.

"कुठल्या गावचा देव हाय बाबा?" एकीने मला विचारले.

"लातूरचा. मोंबासाला निघालाय."

"लई लांब हाय का?"

"समुद्रापलीकडं."

"मंग एवढ्या शेंदरानं भागतंय व्हय?" म्हणून तिने आणखी एक ओंजळ फासली.

दाजी कपाळाला हात लावून खाली बसले. रेघेचा आणि देवाचा शेंदूर एकच. खरवडला तर दोन्ही जाणार. यमुना गाड्याच्या पलीकडे भांडी घासत होती, जरा जास्तच जोरात.

नांदेडला गोदावरी ओलांडून स्टेशनच्या मालधक्क्यावर पोचलो. बोटकंपनीचा माणूस मुंबईहून तपासणीला आला होता. (पुढे जाणाऱ्यांनी हाली रुपये इथेच मोडून इंग्रजी कलदार घ्यावेत; मुंबईत आपल्या संस्थानचा शिक्का चालत नाही. अर्धापूरची केळीही इथेच घ्यावीत.) त्याने सिलिंडर पाहिला.

"तोलाची खूण कुठंय?"

"देवाखाली," मी म्हणालो.

तो हसला नाही. "हा माल मनमाडला दुसऱ्या गाडीत चढवायला उचलायचा, गोदीत उचलायचा, मग बोटीची क्रेन उचलणार. साखळी जागेवर नसली तर एक टोक खाली येतं. खाली माणसं असतात. खुणेशिवाय मी घेणार नाही. गाडी संध्याकाळी सुटते."

"मी काढून देतो खूण. धक्क्यावरची क्रेन द्या," दाजी म्हणाले.

साखळी अंदाजाने अडकवली, सिलिंडर बोटभर उचलला. पूर्वेचे टोक झुकले. खाली ठेवला, साखळी सरकवली, पुन्हा उचलला. आता पश्चिमेचे. असे किती वेळा झाले मोजले नाही. माझ्या मनात देवाला साकडे घालणे चालू होते, कोणत्या ते विचारू नका. शेवटी तो हवेत आडवा, निश्चल राहिला.

दाजी साखळीला हात लावून उभे राहिले. "जागा धरून राहिलो मी. यमुने, चुना कालव. रेघ तूच मार."

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले. चुना कालवला, चिंधी बुडवली आणि साखळीच्या कडेने वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ ओढली. बोटकंपनीच्या माणसाने मान डोलावली. संध्याकाळच्या गाडीने सिलिंडर गेला, दाजी गेले.

परतीला रिकामा गाडा घेऊन बैल चक्क धावले. अहमदपूर मागे पडल्यावर मी विचारले, "त्या बायांना तू सांगितलं का नाहीस, हा देव नाही म्हणून?"

"त्यांनी इचारलं, फासू का? मी म्हणलं, फासा." ती रस्त्याकडे बघत राहिली. "दादा, वाटलं, ऱ्हाईल इथंच."

आता लातूरला घरी बसून लिहितो आहे. हिशेब मांडला तर पदरात उरली पाठदुखी आणि नारळाचे दोन तुकडे. यमुना आमटी चाखून वाढते. काल मी तिला पुन्हा छेडलेच, "मग नांदेडला रेघ जरा वाकडी मारली असतीस तर?"

तिने पळी खाली ठेवली.

"वाकडी कशी मारू? बोटीवर चढवताना खाली हेच उभे ऱ्हाणार की."