कुंकवाला थिनर लागत नाही

आमच्या घरात कम्प्युटर आला तो एसटीने, तीन पिशव्यांत. पोरगी तेव्हा धुळ्याला डिप्लोमा करत होती. तयार मशीन आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून तिने वर्षभर कुठून कुठून जुने-नवे भाग जमवले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांब म्हटलं तर थांबली नाही. एका रविवारी जळगावला येऊन तिने ते सगळं दुकानामागच्या खोलीत सतरंजीवर मांडलं आणि संध्याकाळपर्यंत जोडून चालू केलं. तिच्या मायने त्या दिवशी तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा तो गार झाला.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, मी तार काढून नवी भरायचो. शिक्षण सातवी, त्यातली सातवी दोनदा. पण हात चांगला होता आणि तोंड वाईट. शेतकरी मोटार घेऊन आला की मी आधी तोंडावर सांगायचो, कोरडी चालवलीस, तू जाळलीस. तो म्हणायचा, लाइट कमीजास्त झाली. मी म्हणायचो, लाइटला कशाला दोष देतोस, स्वतःची चूक कबूल कर. असं मी शेकडो लोकांना म्हटलेलं आहे.

पोरीने जाताना मला बजावलं होतं, "आबा, झाकण उघडायचं नाही. कितीही वाटलं तरी."

मी म्हटलं, "मला काय काम पडलंय."

दसरा आला. दसऱ्याच्या आधी आम्ही दुकानातलं एकूण एक हत्यार पुसून, तेल लावून ठेवतो, मग पूजा. सगळं पुसून झालं आणि नजर कम्प्युटरच्या डब्याकडे गेली. दुकानाची धूळ मागच्या खोलीत यायची, तांब्याचा कीस यायचा. मी झाकण उघडलं. ब्रशने धूळ काढली. तिथवर ठीक होतं. आत बोटाएवढ्या दोन पट्ट्या उभ्या होत्या. पोरीने जोडताना दाखवल्या होत्या, की मशीन काम करताना सगळं यांच्यात धरून ठेवतं. एक काढून पाहिली तर खाली सोनेरी दातांची रांग, सगळे उघडे. माझ्या धंद्यात उघडी तार म्हणजे पाप. आम्ही मोटार भरली की वॉर्निश पाजतो, वाळवतो, मग वीस वर्षं बघायला नको. मला वाटलं, बनवणाराने आळस केला. मी दोन्ही पट्ट्यांच्या दातांवर पातळ, स्वच्छ वॉर्निशचा हात फिरवला, बल्बखाली वाळवल्या आणि होत्या तशा बसवल्या. काम इतकं सुबक झालं होतं की मला पोरीला दाखवावंसं वाटलं.

दसऱ्याला बायकोने पूजा केली. तार गुंडाळायचं मशीन, पाने, पक्कड, माझी स्कूटर, तिचं शिवणाचं मशीन, आणि शेवटी कम्प्युटर. समोर हळदीकुंकवाची बोटं उमटवली, वर झेंडू ठेवला, अक्षता टाकल्या. हात जोडून म्हणाली, "मनी पोरना भाग्यना शे." माझ्या पोरीच्या भाग्याचा आहे, असं. ती घरात अहिराणीच बोलायची. मला मात्र गिऱ्हाइकांमुळे अहिराणी-मराठी दोन्ही लागायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने पोरगी आली. तिला सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचं होतं आणि ते निम्मं राहिलं होतं. हातपाय न धुता तिने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. आणि आतून पी, पी, पी असा आवाज, थांबेना.

तिने झाकण काढलं. मागच्या बाजूला दोन खाचा उघड्या होत्या, तिथून अक्षतांचे चार-पाच दाणे आणि चिमूटभर कुंकू आत पडलेलं. ती ते बघत राहिली.

"माय," तिने हाक मारली, "याच्यावर तांदूळ कोणी टाकले?"

बायको पिठाच्या हाताने दारात आली. "पूजा करी काल. दसरा व्हता."

"तुला कोणी सांगितलं होतं याला हात लावायला? हे काय पाटा-वरवंटा आहे?"

बायको हाताचं पीठ एका हाताने दुसऱ्या हातावरून काढत उभी राहिली.

मग आम्ही दोघं बसलो. मी मीटर लावून सप्लाय तपासला. पाच व्होल्ट बरोबर, बारा बरोबर. तिने दाणे वेचले, कुंकू फुंकून काढलं, पुन्हा चालू केलं. पी, पी. डिस्कची वायर काढली, पी, पी. पडद्याचं कार्ड काढून परत बसवलं, तेच. कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "मशीनला रॅमच दिसत नाहीये."

"रॅम म्हणजे त्या पट्ट्या?"

"हो."

मला तेव्हाच कळलं. वॉर्निश कशासाठी लावतात हे जळगावात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? वीज जाऊ नये म्हणूनच लावतात. मी तिच्या मशीनचे दात बंद करून ठेवले होते.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "असेल काहीतरी."

ती मैत्रिणीकडे गेली, तिच्या भावाचा कम्प्युटर क्लास होता, तिथून एक पट्टी मागून आणायला. ती वळणावर गेली की मी दुकानातून थिनर आणला, कापडाने दात पुसले, मग तिच्याच कंपासमधल्या खोडरबरने घासले. पिवळं चमकायला लागल्यावर बसवल्या. बटण दाबलं. एकदाच पी झालं आणि पडद्यावर अक्षरं पळायला लागली.

तासाभराने ती रिकाम्या हाताने परत आली आणि दारातच थांबली. "आबा, कसं काय?"

"दातांत कुंकू गेलं होतं," मी म्हटलं. "साफ केलं."

बायको चुलीपाशी होती. तिने ऐकलं. पोरगी मायकडे बघून हसली, आता राग उतरला होता. "माय, तुझा देव माझं वर्ष घालवत होता."

पोरगी कामाला बसली. बायकोने मला ताट वाढलं आणि जवळ बसून, आवाज न चढवता बोलली, "कुंकूले थिनर नही लागत. ते पाणीमा निंघी जास." कुंकू पाण्यानेच निघून जातं, असं.

तीस वर्षं माझे कपडे धुतले होते तिने. थिनरचा वास कसा असतो आणि त्याने वॉर्निश निघतं, हे तिला मी सांगायचं काय.

"सांगतो पोरीला," मी म्हटलं.

"सांगा."

प्रोजेक्ट वेळेवर झालं. ती पास झाली, नोकरी लागली, पुण्याला गेली. मी काही सांगितलं नाही. आधी वाटलं, पोरगी माझ्या हातावर विश्वास ठेवते, कशाला. मग वाटलं, जुनी गोष्ट झाली. तोवर तो घरातला किस्सा होऊन बसला. लग्नात, बारशात, जावयाच्या मित्रांत, पोरगी रंगवून सांगायची, आमच्या मायने कम्प्युटरला अक्षता टाकून बंद पाडला आणि आबांनी खोडरबरने चालू केला. लोक हसायचे. बायकोही पदर तोंडाला लावून हसायची. माझ्याकडे बघायची नाही.

बायकोला जाऊन आता पाच महिने झाले. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटायच्या, दिवशी पाहुणे जेवून बसले होते, तेव्हा पोरीने तो किस्सा पुन्हा सांगितला. प्रेमानेच सांगितला, रडत रडत. बठ्ठे हसले, सगळेच. मी सुपारी कातरत होतो, कातरतच राहिलो. घर रिकामं झालं आणि मला कळलं की बायकोच्या मागे तिची म्हणून जी गोष्ट लोक सांगणार, ती माझी आहे.

मागच्या आठवड्यात मी पोरीला फोन केला. वॉर्निशचं, थिनरचं, सगळं सांगितलं.

मग तिने विचारलं, "दोन्ही पट्ट्यांना लावलं होतं?"

"दोन्ही."

"आणि मायला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळपासून."

मग ती म्हणाली, "त्यानंतर तिने कम्प्युटरची पूजा केली नाही कधी. मला वाटायचं, ती मला घाबरली."

"नाही केली," मी म्हटलं. "दर दसऱ्याला ताट घेऊन शिवणाच्या मशीनपर्यंत यायची आणि तिथून वळायची. मी बघत असायचो."