आधी गुरूचं बोट

मुरुडच्या बाजारामागच्या आळीत त्या सकाळी साऱ्या खिडक्या विनाकारण पुसल्या जात होत्या. तृतीयपंथी आवडाबाईच्या दारात एचआयव्ही तपासणीची गाडी उभी! असला मेवा आळीला रोज मिळतो होय?

कल्पिता आतबाहेर नाचत होती. आवडाबाईच्या चेल्यांत ही सगळ्यात धाकटी. दिवसा एका आरोग्यसंस्थेतर्फे कंडोम वाटायचे, संध्याकाळी लॉजवर धंदा. तोंड मात्र चोवीस तास चालू. महिनाभर मिनतवाऱ्या करून तिने गाडी आणली होती ती क्रांतीसाठी. क्रांती मोठी गुरुबहीण, पण दोन महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत चढाव्यात इतकी वाळलेली. जास्त पैसे दाखवणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ती कंडोमचा हट्ट सोडते, हे कल्पिताला ठाऊक होतं.

"चल ना गं, क्रांती!"

"गुरूच्या आधी बोट टोचून घेऊ? सगळ्याजणी माझ्या तोंडात शेण घालतील."

घराचा कायदाच तो. गुरूआधी चेला पाटावरसुद्धा बसत नाही. आणि गुरू तर पलंगावर ठाण मांडून.

"मी न्हाय जायाची. गाडीत चढले की गाव म्हनंल, आवडाला रोग हाय. मग बारशाला दुवा द्यायला कोन बोलवंल?"

कल्पिता पलंगाशी गेली. एक गोष्ट तिने या घरात कधी काढली नव्हती. आधीच्या घरात काढली, तर ताटासकट बाहेर पडावं लागलं होतं. तरी तिने पर्समधून गोळ्यांची डबी काढून पुढे धरली.

"अम्मा, मला हाय तो. सहा वर्षं झाली. अलिबागच्या सरकारी दवाखान्यातनं गोळ्या आणते, रोज घेते. बघ, मेले का?"

आवडाबाईने डबी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"सहा वर्षं? म्हंजी माझ्या डोक्यावर नाचतेस ती ह्या गोळ्यांच्या जोरावर?"

"व्हय!"

"मग तू कसली मरतेस! माझेच कान मरतील आधी." म्हातारी उठली. "चपला दे."

गुरू गाडीत चढली मात्र, दारात रणधुमाळी! पुढचा मान कोणाचा?

"आधी चेला मी झाले!"

"चल, खोटारडे!"

समोरच्या खिडकीतून खतिजाचाची ओरडली, "क्रांतीच पहिली आली, मी बघितलंय!"

क्रांतीने पदर खोचला आणि कोपराने वाट काढत दुसरा नंबर पटकावला.

निकालांसाठी आळीने कान टवकारले. एक अक्षर बाहेर आलं नाही. पण मंगळवारी अलिबागच्या एसटीत कल्पिताला ढोसत क्रांती म्हणाली, "सरक. थोरली मी, खिडकी माझी."

"गोळ्यांत मी सहा वर्षांनी थोरली," कल्पिता म्हणाली आणि खिडकीला आणखीच चिकटली.