डाव्या अंगावर नाही

आईला डाव्या अंगावर घ्यायचं नाही, हे आमच्या अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरात तिघांनाच ठाऊक होतं. आईला, मला आणि मावशींना. डावा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, टाके सुकले, पण ती बाजू पुढे कधी शांत झाली नाही. नुसता हात लागला तरी आई ओठ दातांखाली धरायची.

मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे. दवाखान्यात पेशंटला पुसणाऱ्या, भांडं देणाऱ्या, कूस बदलणाऱ्या बाईला सगळेच मावशी म्हणतात, तशा या मावशी. तेल्हाऱ्याकडच्या, मुसलमान, पन्नाशीच्या. वॉर्डात आई फक्त त्यांच्याच हातून जेवायची. सुट्टी झाली तेव्हा मी त्यांना घरी यायची विनंती केली आणि दवाखान्याचं काम थांबवून त्या आल्या. सकाळी आठला यायच्या, संध्याकाळी आठला जायच्या. मी अमरावतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. रजा घेऊन आलो होतो, ती वाढवत राहिलो.

त्या येण्याआधी एक दिवस मीच आईचं अंग पुसायला गेलो होतो. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "तू जाय बाहीर," एवढंच म्हणाली. मी बाहेर जाऊन बसलो. पातेल्यातलं पाणी थंड झालं. लेकाच्या हाताची तिला लाज वाटत होती आणि दुसरे हात घरात नव्हते.

मग मावशी आल्या आणि आतल्या खोलीतून रोज सकाळी भांडण ऐकू येऊ लागलं.

"तुह्या हाताले काटे हायेत का वो?"

"हाव माय, बाभळीचे हायेत. आता गुमान पल्ट."

"तुही सासू कशी टिकली तुह्या हाताखाली?"

"टिकली कुठी? पळाली ना वर!"

यावर आई हसायची. तिला हसताना मी कित्येक वर्षांत असं ऐकलं नव्हतं. दाराबाहेर पुस्तक उघडून बसलेला मी त्याच पानावर राहायचो.

अंग पुसून झालं की मावशी मला आत बोलवायच्या आणि आईची पाठ दाखवायच्या. "सर, इथं अंगठा दाबा. लाल जागा पांढरी होऊन परत लाल झाली तं चांगलं. लालच राह्यली तं समजा जखम येऊन राहिली." आई चार महिने अंथरुणावर होती. तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही. डॉक्टरांनी त्याबद्दल एकदा माझं कौतुक केलं आणि ते मी ऐकून घेतलं.

आईचा अंबाडा त्यांनी पहिल्याच दिवशी सोडला. निजल्या माणसाला अंबाडा डोक्याखाली रुततो, म्हणाल्या. त्याऐवजी दोन वेण्या घातल्या, एक या खांद्यावर, एक त्या. त्याही सैल. एक्क्याऐंशी वर्षांची आई उशीवर शाळेतल्या पोरीसारखी दिसायची. "आता रिबिनी आन," तिनं मला फर्मावलं होतं. मी आणल्या नाहीत. थट्टा समजलो. ती थट्टाच असेल, पण आणायला काय झालं होतं.

रोज्यांच्या दिवसांत त्यांना काही चाखता येत नसे. आईसाठी पेज शिजवली की चमचा माझ्यापुढे करायच्या. "पाहा बरं मीठ." मी म्हणायचो, ठीक आहे. आई पहिल्या घासाला म्हणायची, "अळनी हाय." मावशी माझ्याकडे बघायच्या. "सर, पुस्तकात मिठाचं काही लिवलं नाई वाटते." स्वतः दिवसभर उपाशी राहून त्या दुसऱ्याच्या तोंडात सावकाश एकेक चमचा घालायच्या, प्रत्येक घास गिळेपर्यंत थांबायच्या. मला तिथे पाच मिनिटं बसणंही जड जायचं.

आई सकाळी दहाच्या सुमारास गेली. छातीत कफ झाला होता, दोन दिवस श्वासाला घरघर लागली होती. मी स्वयंपाकघरात होतो. मावशी दारात आल्या आणि म्हणाल्या, "सर, या. माय गेली." मी आत गेलो तेव्हा त्यांनी आईचे डोळे मिटवले होते. मग हनुवटीखालून पट्टी बांधली, लघवीची नळी काढली, अंग पुसलं, पाय सरळ केले. डावा पाय सर्वांत शेवटी, दोन्ही हातांवर उचलून. हे करताना त्या आईशी बोलत होत्या, रोजच्यासारख्या. "झालं माय. झालं. आता नाई त्रास देत."

दुपारपर्यंत माणसं जमली. अंजनगावहून काकू आली. घरात तीच आता मोठी. मावशी आपणहून बाहेर गेल्या आणि फाटकापाशी, डब्याची पिशवी हातात धरून उभ्या राहिल्या. काकूनं मला विचारलं, "ते कोन हाय रे?"

मी म्हणालो, "कामावरची बाई आहे."

ते वाक्य मी इथे लिहून ठेवतो आहे, कारण बाकी सगळं त्याच्यामागून आलं.

आंघोळ घालायला बायकांनी अंगणात नळापाशी दोन चादरी आडव्या धरल्या. मी चादरीच्या अलीकडे होतो. पाणी पडल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "मातारीले पोरीवानी वेन्या कोनं घातल्या?" त्या सोडल्या गेल्या. मग काकूचा आवाज आला, "पाठीवर पानी घ्याले पायजे. कुशीवर घ्या, इकडे, डावीकडे."

फाटकापासून मावशी ओरडल्या, "डाव्या अंगावर नका घेऊ वो तिले! दुखते तिले!"

चादरीमागे पाण्याचा आवाज थांबला. मग एक बाई म्हणाली, "आता काय दुखते?" आणि आईला डाव्या अंगावर घेतल्याचं मला चादरीच्या हलण्यावरून कळलं.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी एक शब्द बोलायला हवा होता. मला वाटलं, काकू जुन्या वळणाची, मुसलमान बाईला या कामात कशी येऊ देईल, आजच्या दिवशी वाद नको. काकूला न विचारताच तिचं उत्तर मी ठरवून टाकलं आणि खाली बघत राहिलो. तिरडी उचलली तेव्हा मावशी फाटकापाशी नव्हत्या.

महिन्याभरानं आईच्या पाठीखालची हवेची गादी वॉर्डाला द्यायला मी त्या दवाखान्यात गेलो. मावशी वॉर्डात परतल्या होत्या. एका म्हातारीला कुशीवर घेत होत्या.

"कोन आलं?" म्हातारीनं विचारलं.

"आपलेच हायेत माय. सर, ते चादर धरा बरं तिकून."

मी धरली. एक, दोन, तीन. म्हातारी वळली. मावशींनी तिच्या पाठीवर अंगठा दाबून पाहिला. मग आम्ही खिडकीशी उभे राहिलो. वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. मी म्हणालो, "त्या दिवशी मी काकूला सांगितलं, कामावरची बाई आहे म्हणून."

"मंग? कामावरचीच तं होतो मी."

"तसं नाही, मावशी."

"जाऊ द्या ना सर. एक सांगा. घेतलंच ना तिले डाव्या अंगावर?"

"घेतलं."

त्यांनी मान हलवली. हातात मोजे होते, म्हणून डोळे कोपरानं पुसले. "गेल्या मानसाले दुखत नाई, मले समजते. रोजचंच काम हाय माह्यं. पन चार महिने जपलं होतं ना वो."

आतून कुणीतरी "मावशी" म्हणून हाक मारली आणि त्या गेल्या.

अकोल्याच्या स्टँडवरून मी काकूला फोन लावला. सगळं सांगितलं. खुबा, वेण्या, पाठ, पेज, फाटकापाशी कोण उभं होतं ते.

काकू म्हणाली, "आवाज आला होता मले. वाटलं, गल्लीतली कोनी असन. तू तं तिथंच होता ना रे बाबू? सांगाचं नाई का? आत बोलावलं असतं तिले. तिनंच घातलं असतं ना पानी." आणि फोन ठेवताना, "हळूच घेतलं असतं रे आमी."